चोपदाराचा नैवेद्य

त्या रविवारी चोपदाराला नैवेद्य मी खाऊ घातला होता. तुपानं माखलेल्या दोन पुरणपोळ्या, कटाच्या आमटीत कालवलेला भात आणि सात-आठ भजी. चोपदार म्हणजे माझा कुत्रा. त्याच्या पोटात पाणी झालं होतं, तो पथ्यावर होता, आणि ते पथ्य सांभाळायचा शब्द मी दिलेला होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मायला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या बसप्पाअण्णांना तर त्यानंतर पाच वर्षं जवळजवळ रोज भेटूनसुद्धा सांगितली नाही. आता अण्णा गेले. सव्वा महिना झाला... ऐकायचा तो माणूस गेल्यावर मला तोंड फुटतंय, याचा अर्थ काय लावायचा तो वाचणाऱ्यांनी लावावा.

बातमी आली तेव्हा मी लोहाऱ्याच्या कचेरीत होतो. निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचा झेंडा बदलला, पण माझं काम तेच राहिलं, नकला करण्याचं. पूर्वी उर्दू कागद उर्दूत उतरवायचो, आता त्यांचे मराठी उतारे करतो. अण्णांच्या दुकानावरचा हमाल दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मुनशीजी, अण्णा गेले." मी हातातली ओळ पुरी केली. शाई टिपली. मग उठलो. ती ओळ अर्धी टाकून मी का उठलो नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. घरी पोचलो तोवर लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं. मांडी घातलेली, पाठ भिंतीला, कपाळभर विभूती. दुकानात बसायचे तसेच दिसत होते, फक्त मान जरा कलली होती. गर्दीतलं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "बघा आता, गावातली कुत्री गोळा होतील." मूठमाती देऊन आम्ही परत आलो तोवर एकही आलं नव्हतं. कुठून येणार... अण्णांनी बरी केलेली कुत्री या पाच वर्षांत म्हातारी होऊन गेली होती, आणि नवी त्यांनी हातात घेतलीच नव्हती. का घेतली नाहीत, ते त्या गर्दीत पुरतं मला एकट्यालाच ठाऊक होतं.

अण्णा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बाजारपेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान, मागं घर, घरामागं परस. सीमेकडच्या पुष्कळ घरांत असतं तसं त्यांच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं. माणसांशी ते मराठी बोलायचे, कुत्र्यांशी मात्र कन्नडच. "बा मगा, बा," म्हणजे ये लेकरा. आणि खाणं पुरेसं झालं की हात आडवा धरून "साकु, साकु". कचेरीतले शिपाई म्हणायचे, लोहाऱ्यातल्या कुत्र्याला समन्स बजावायचा असंल तर बसप्पाला दुभाषी म्हणून न्यावं लागंल. अण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "समन्स कशाला, मुनशीजी? कुत्रं बोलावल्यावर येतंय. न येणारी जात दुसरी हाय."

ते वैद्य नव्हते आणि कुणी तसं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "आमी काय जाणते न्हाय. तोंडातनं काय जातंय आन् खालनं काय पडतंय, एवढं बघतो." पण ते बघणं असं होतं की लोक चार-चार कोसांवरून कुत्री घेऊन यायचे. सरकारी सलोतरी, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, होता तो जिल्ह्याच्या गावाला, आणि त्याच्यापुढं घोडी आणि बैल. कुत्र्यासाठी त्याच्याकडं कोण जाणार आणि तो तरी कुत्र्याकडं कशाला बघणार. अण्णा आधी मालकाला समोर बसवायचे आणि विचारायचे, काल सकाळपासून ह्याच्या पोटात काय काय गेलं. माणूस चाचरला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "खोटं सांगू नका बरं का. त्याला बोलता येत न्हाय. त्याच्या वतीनं तुमीच बोलायचंय." हे वाक्य मी त्यांच्या ओट्यावर बसून किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. मला ते तेव्हा फार आवडायचं.

पेठेतल्या हलवायाचा कुत्रा मला आठवतो. खात होता दोघांचं आणि दिसत होता हाडाचा सापळा; पाणी पीत सुटायचा. हलवाई म्हणाला, नजर लागली. अण्णांनी कुत्र्याला परसात सोडलं, त्यानं तंगडी वर केली, आणि मग अण्णा तिथं पाटावर बसून राहिले. पाच-दहा मिनिटांत त्या ओल्या मातीवर मुंगळ्यांची रांग लागली. त्यांनी हलवायाला हाक मारली. "शेठ, नजर कुणाची लागली ते कळलं. तुमच्या जिलबीची." हलवाई रडकुंडीला आला. म्हणाला, माझ्या दुकानातला कुत्रा आणि गोडाला तोंड लावायचं नाही, मग मी भट्टीपुढं बसायचं कसं. अण्णांनी त्याला ज्वारीच्या कण्या, उकडलेलं कारलं, मेथीचं पाणी असं सगळं समजावलं, आणि वर म्हणाले, "त्याला भट्टीपासनं लांब बांधा. त्याच्याच्यानं ऱ्हावत न्हाय आन् तुमच्याच्यानं बी. दोघांत तुमी जास्त कच्चे." तो कुत्रा पुढं दोन वर्षं जगला. हलवाई हसत सगळ्यांना सांगायचा की बसप्पानं मला पथ्यावर ठेवलंय.

परसाच्या भिंतीबाहेर, चिंचेखाली, कुत्र्यांसाठी एक वेगळी चूल होती. घरात कांदासुद्धा मोजका, पण पिलं घालून खंगलेली कुत्री आली की अण्णा तिच्यासाठी त्या चुलीवर अंडी उकडायचे. अंडी मालकानं आणायची, अण्णा त्यांना हात न लावता चिमट्यानं सोडायचे, चिमट्यानं काढायचे, मग विहिरीवर आंघोळ आणि मग लिंगपूजा. एकदा त्यांच्या मठाचे स्वामी घरी आले होते, तेव्हा मी होतो. स्वामी म्हणाले, "बसप्पा, गळ्यात लिंग आन् चुलीवर अंडं?" अण्णा म्हणाले, "अंडं त्याचं सामी, आंघोळ माझी." "आन् पाप?" "ते आमी दोघं वाटून घिऊ." स्वामी जाताना म्हणाले की माझ्याकडंबी एक कुत्रं आहे, त्याचे केस गळतात. लढाईच्या वर्षांत तांदूळ दिसेनासा झाला, धान्याच्या सरकारी लेव्हीपायी घराघरांतली पोती रिकामी झाली, तेव्हा मात्र लोक उघड बोलायला लागले की माणसाला कणी मिळंना आणि हा कुत्र्याला पेज पाजतोय. गौराक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा माझ्या बायकोला सहज बोलून गेल्या की हे गेलं वर्षभर भाताला शिवले नाहीत. यांच्या वाटणीचा भात बाहेरच्या चुलीवर जातो.

याच दिवसांत चोपदार आजारी पडला. तो पिलू असताना माझ्यामागं कचेरीत आला आणि दाराशी ताठ बसून राहिला, म्हणून पेशकारांनी त्याला ते नाव दिलं. पुढं सात वर्षं तो तिथंच बसला. आत येणारा माणूस त्याच्याकडं बघून पागोटं नीट करायचा. त्या साली माघात त्याचं खाणं सुटलं, बरगड्या दिसायला लागल्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. चार पावलं चालला की धापा. मी त्याला हातगाडीवर घालून अण्णांकडं नेलं. त्यांनी त्याचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पोटाला एका बाजूनं टिचकी मारून दुसऱ्या बाजूला तळवा धरला. मग आतून सुतळी आणली, त्याच्या पोटाभोवती वेढली आणि जिथं टोक मिळालं तिथं गाठ मारली.

"काळीज बिघडलंय ह्याचं," ते म्हणाले. आमच्याकडं यकृताला काळीजच म्हणतात. "बरं व्हईल म्हणत न्हाय. पन ही गाठ आत सरकती का बघू. दर चौथ्या दिशी मापायचं."

मग त्यांनी पथ्य सांगितलं, मी कचेरीच्या सवयीनं लिहून घेतलं. कणीची पातळ पेज आणि मुगाचं पाणी, दिवसातून चार वेळा, ओंजळ-ओंजळ. दुधी उकडून कुस्करलेला. ताकावरची निवळी, ती पण सकाळीच. मीठ नाही, तेल-तूप नाही, गोड नाही, हाड नाही, घरातलं उष्टं तर मुळीच नाही. तरटाखाली कडुलिंबाचा पाला, आणि बाजूला वळवत राहायचं, एका कुशीवर पडू द्यायचं नाही. शिवाय घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या मुळ्यांचा काढा, सकाळी एक चमचा. तो ते स्वतः येऊन पाजणार. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला कागद बाजूला ठेवायला लावला. "कागद ऱ्हाऊ द्या. तुमी शब्द द्या. तुमच्या हाताबिगर दुसऱ्याच्या हातचं ह्याच्या तोंडात जायचं न्हाय." मी शब्द दिला. ते म्हणाले, "तुमी शिकलेले, म्हणून मी हात घालतोय. न्हायतर ह्या दुखण्यात पडलो नसतो."

पहिले आठ दिवस काही फरक नव्हता. मग गाठ बोटभर आत सरकली, नंतर आणखी बोटभर. पाचव्या मापाला चोपदार उठून आपल्या पायांनी विहिरीपर्यंत गेला. अण्णा त्या सुतळीवरच्या गाठी अंगठ्यानं चाचपत जायचे, जपमाळेसारख्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते दुकानात मोठा सौदा झाल्यावरही मी कधी बघितलं नव्हतं. पोटात पाणी झालेलं कुत्रं आजवर त्यांच्या हातून वाचलं नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. हे वाचलं तर पुढच्याला सांगता येईल, म्हणाले.

मग चैत्र आला. सोनारीचा काळभैरव आमचं कुळदैवत. दर चैत्रात आम्ही बैलगाडीनं सोनारीला जायचो. त्या वर्षी मायचे गुडघे धरले होते, म्हणून जाणं झालं नाही आणि नैवेद्य घरीच करायचं ठरलं. आमच्या घराण्याची रीत अशी की भैरवाच्या नैवेद्याचं पहिलं ताट कुत्र्यापुढं ठेवायचं; त्यानं तोंड लावलं की मग घरची पंगत. त्या रविवारी सकाळी अण्णा काढा घेऊन आले. सुतळीची गाठ दोन मापं एका जागी अडली होती. ते म्हणाले, "आज एकाचे दोन चमचे करू का, मुनशीजी? मन धजत न्हाय." मी म्हटलं, "करा की." त्यांनी दोन चमचे पाजले, थोडा वेळ त्याच्याजवळ बसले आणि दुकानाकडं गेले.

दुपारी ताट वाढून झालं. मी मायला म्हणालो की ह्याला पथ्य आहे. ती म्हणाली, "आरं, अवंदा देवाच्या पायरीला जाणं झालं न्हाय. देवाचं वाहन दारात असून त्याच्या तोंडाला लागल्याबिगर आमी घास कसा उचलायचा?" मग तिलाच वाटलं असावं, म्हणाली, "नखाएवढा तुकडा जिभेला लाव. बाकीचं ताट गाईला घाल. भैरव काय मापून घ्यायला बसला न्हाय." तिचं चुकलं नाही, हे मला इथं स्पष्ट लिहायचंय.

मी ताट घेऊन परसात गेलो. नखाएवढा तुकडा दिला. त्यानं तो गिळला आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. महिनाभर तो पेजेकडं बघायचा आणि मग माझ्याकडं, जणू विचारायचा की आणखी किती दिवस... त्या दिवशी त्याचं शेपूट हललं. जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा. मी दुसरा तुकडा दिला. मग तिसरा. मग पोळी मोडून देण्याचे कष्ट घेतले नाहीत, ताटच खाली ठेवलं. देवाचं आहे, देवाचं बाधत नाही, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. खरं ते असं की त्या घडीला देव माझ्या मनातही नव्हता. मला ते शेपूट हललेलं बघायचं होतं. त्यानं ताट चाटून लख्ख केलं. मी ते विसळलं आणि आत येऊन मायला म्हणालो, गाईला घातलं. आम्ही जेवायला बसलो.

सोमवारी सकाळी तो ओकत होता. पाठ कमानीसारखी वाकलेली, पोटाला हात लावू देईना. परसात पिवळ्या पुरणाचे गोळे पडले होते, भज्यांची सालपटं न पचलेली. अण्णा काढा घेऊन येण्याची वेळ झाली होती. मी चुलीतली राख आणली, सगळ्यावर टाकली आणि खराट्यानं लोटून उकिरड्यावर नेऊन टाकली. तोंडातून काय जातं आणि बाहेर काय पडतं, एवढंच बघणारा माणूस येणार होता, आणि त्याला बघायला मी काही ठेवलं नाही.

अण्णांनी त्याच्याजवळ बसकण मारली. "काल पोटात काय गेलं, मुनशीजी?"

"पेज. आणि तुमचा काढा."

"काल देवाचा दिस होता तुमच्याकडं."

"मायच्या शब्दाखातर नखाएवढा तुकडा जिभेला लावला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे, ते तसं बघणारे असते तर बरं झालं असतं. "नखाएवढ्यानं काय व्हतंय," ते म्हणाले. मग हातातल्या काढ्याच्या वाटीकडं बघत राहिले. "म्या वाढवायला नको व्हतं."

मी गप्प बसलो. का, तर मायला दोष लागेल म्हणून नाही, वाद होईल म्हणूनही नाही. त्यांनी मला शिकलेला माणूस म्हणून शब्द मागितला होता, आणि त्यांच्या लेखी मी हलवायापेक्षाही कच्चा ठरणार होतो. एवढ्यासाठी. मंगळवारी दुपारी चोपदार गेला. त्याचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. ते "बा मगा, बा" म्हणत होते. आणि त्याचा श्वास थांबल्यावर त्याच आवाजात एकदा "साकु" म्हणाले. आम्ही दोघांनी खड्डा खणला. परतताना ते म्हणाले, "तुमी एवढा महिना पाळलं, आन् माझा हात चुकला." तेव्हासुद्धा मला सांगता आलं असतं. चार पावलांचा रस्ता होता. ते आपल्या दारात वळले आणि मी आपल्या.

चिंचेखालची चूल त्यांनी त्याच आठवड्यात मोडली. कुत्री घेऊन येणाऱ्यांना ते गूळपाणी द्यायचे आणि परत पाठवायचे. लोकांना वाटलं, स्वामींनी दटावलं असेल, किंवा तांदूळ संपला असेल. ओट्यावरच्या गप्पा तशाच राहिल्या, मी जात राहिलो, फक्त कुत्र्यांचा विषय निघेनासा झाला. पुढच्या वर्षी पावसाळा संपताना एक धनगरीण आली. पाठीशी घोंगड्यात तिनं तिचं कुत्रं बांधून आणलं होतं, मेंढरांवरचं, चांगलं वासराएवढं. खाली उतरवलं तेव्हा दिसलं, तेच दुखणं. तेच नगाऱ्यासारखं पोट.

"अण्णा, लई नाव ऐकून आले."

"बाई, आता माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

"हातबित मला ठाव न्हाय. तुमी नुस्तं सांगा काय खाऊ घालू. म्या करते."

अण्णा अडखळले. मला दिसलं ते, सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं. त्यांचा हात त्या कुत्र्याच्या ओठाकडं गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागं घेतला आणि माझ्याकडं वळले. "मुनशीजी, तुमीच सांगा हिला. तुमच्या चोपदाराचं काय झालं ते."

ती बाई माझ्याकडं बघत होती. अण्णाही. मी म्हणालो, "काढा सोसला नाही."

तिनं कुत्र्याला पुन्हा घोंगड्यात घेतलं. एवढं मोठं जनावर, एकटीला उचलेना, तर अण्णांनी मागून हात दिला. जाताना ती रागावली नाही. म्हणाली, "बरं झालं खरं बोललात. लोक आशेला लावत्यात." तिच्या कुत्र्याचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. तिचं गाव विचारायचंही कुणाला सुचलं नाही. कणी, मुगाचं पाणी, बिनमिठाचा दुधी... सगळं पथ्य माझ्या हातानं लिहिलेलं माझ्या पेटीत होतं. त्या पथ्यानं सुतळीची गाठ तीन बोटं आत आणली होती, हे माहीत असणारी आम्ही दोनच माणसं. एकाला त्यावर विश्वास ठेवायची भीती वाटत होती आणि ती भीती दुसऱ्यानं घातलेली होती. चोपदाराचं मी सांगतो ते एका कुत्र्याचं. त्या पाच वर्षांत अण्णांच्या दारातून किती परत गेली असतील, ती कशी मेली असतील, त्याचा विचार मी दिवसा करू शकत नाही, कामात चुका होतात.

या वर्षी अण्णांच्याच पायांवर सूज आली. सोलापूरच्या डॉक्टरनं मीठ बंद केलं, तेल-तूप बंद केलं. शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, समोर पेजेची वाटी. मला बघून हसले. "आता कळालं बघा, चोपदार तुमच्याकडं तसं का बघायचा ते." थोड्या वेळानं गौराक्का आत गेल्यावर हळूच म्हणाले, "मुनशीजी, तुमच्याकडची लिंबाच्या लोणच्याची एक फोड आणा की. कुणाला कळत न्हाय." मी म्हणालो, "अण्णा, डॉक्टरनी नको म्हटलंय." ते खाली वाटीकडं बघत बराच वेळ हसत राहिले. "तुमी पथ्याला लई कडक बाबा. चोपदाराचं बी एक दिस मोडलं न्हाय तुमी."

ते टोचून बोलले नव्हते. टोचून बोलता यावं एवढं त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं... मी म्हणालो, "पेज निवतीय, घ्या." आठ दिवसांनी ते गेले.

दुखवट्याचे दिवस झाल्यावर मी गौराक्कांना भेटायला गेलो. त्यांनी मला अण्णांच्या खोलीत बसवलं. खाट उचललेली होती, गादी उन्हात टाकलेली. खोलीत काही उरलं नव्हतं, फक्त खुंटीला एक फडकं वाळत होतं, वीतभर, पांढरं, मधोमध तपकिरी डाग असलेलं. काढा गाळायचं फडकं ते. मी त्याकडं बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "दर सोमवारी धुवायला लावायचे. म्या म्हणायची, आता कुणासाठी? तर म्हणायचे, धुऊन ठेवायला काय जातंय. पाच वर्सं धुतलं. आज बी सवयीनं धुतलं बघा." मग त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तुमी जवळ व्हता, म्हणून इचारते. त्या दिशी काढा खरंच जास्त झाला व्हता का वो? लई मनाला लावून घेतलं त्यांनी. शेवटी शेवटी भ्रमात बी दोन चमचे, दोन चमचे म्हणायचे."

फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं. मी म्हणालो, "आता काय सांगावं, अक्का. मला आठवत नाही."

गौराक्कांना अक्षरओळख नाही आणि त्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच मी हे सगळं पुरवणीत लिहिण्याचं धाडस करतोय. तेव्हा याला कुणी कबुली म्हणू नये. चोपदार काढ्यानं मेला नाही. बसप्पाअण्णांचा हात चुकला नव्हता. ही दोन वाक्यं त्या उंबऱ्यापाशी बसून, माझ्या तोंडानं, गौराक्कांना सांगायची आहेत. ती मी अजून सांगितलेली नाहीत.